मानवी उत्क्रांतीची दिशा

मानवी उत्क्रांतीला पूर्वनिश्चित ध्येय किंवा ठरावीक दिशा आहे काय, हा जीवशास्त्र आणि तत्त्वज्ञान या दोन्ही विषयांतील जुना प्रश्न आहे. आधुनिक जीवशास्त्रानुसार नैसर्गिक निवडीमुळे एखादा गुण काही काळ एकाच दिशेने बदलत जाऊ शकतो. परंतु या प्रक्रियेपुढे कोणतेही अंतिम साध्य नसते.

इतिहास

सजीवांमध्ये अधिकाधिक जटिल होत जाण्याची अंगभूत प्रवृत्ती असते, असे मत फ्रेंच निसर्गवैज्ञानिक लामार्क यांनी १८०९ मध्ये मांडले. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये नैसर्गिक निवडीचा सिद्धांत सविस्तर मांडला आणि १८७१ मध्ये मानवाच्या उत्पत्तीची चर्चा केली. आनुवंशिक भेदांपैकी जे जगण्यास व प्रजननास उपयुक्त ठरतात, ते पुढील पिढ्यांत वाढतात; त्यासाठी अंगभूत ओढ गृहीत धरावी लागत नाही. तरीही ध्येयाची कल्पना टिकून राहिली. फ्रेंच धर्मगुरू व पुराजीववैज्ञानिक तेयार द शार्दँ यांच्या १९५५ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथात उत्क्रांती ‘ओमेगा बिंदू’कडे जात असल्याचे प्रतिपादन आहे.

जीवाश्मांचा पुरावा

वाकलेल्या वानरापासून ताठ चालणाऱ्या मानवापर्यंतची रांग दाखवणारे रुडॉल्फ झालिंगर यांचे चित्र १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून उत्क्रांती सरळ रेषेत झाल्याचा समज दृढ झाला. प्रत्यक्षात मानवाचा वंशवृक्ष अनेक शाखांचा आहे. निअँडरथल मानवाचा मेंदू आधुनिक मानवाच्या मेंदूएवढा मोठा होता, तरी ती शाखा सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी लुप्त झाली. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर २००३ मध्ये सापडलेल्या मानवजातीचा मेंदू जेमतेम ४०० घन सेंमी. होता.

सिकलसेलचे उदाहरण

हीमोग्लोबिनच्या जनुकातील एका बदलामुळे सिकलसेल आजार होतो. हे बदललेले जनुक केवळ आई किंवा वडील यांच्याकडून आल्यास तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. दोघांकडून आल्यास गंभीर रक्तविकार होतो. महाराष्ट्रात विदर्भ व नंदुरबार या भागांत हा आजार आढळतो. हिवताप नसलेल्या प्रदेशात या जनुकाचा लाभ संपतो आणि हानी तेवढी उरते. म्हणजेच एखादा गुण ‘प्रगत’ आहे की नाही, हे परिस्थितीवर अवलंबून असते.

मतभेद

जीवसृष्टीचा इतिहास पुन्हा आरंभापासून घडला, तर मानव निर्माण होण्याची शक्यता अत्यल्प आहे, असे स्टीफन जे गूल्ड यांनी १९८९ मध्ये प्रतिपादिले. याउलट, डोळ्यासारखी रचना वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे निर्माण झाली याकडे सायमन कॉनवे मॉरिस लक्ष वेधतात. त्यांच्या मते उत्क्रांतीचे मार्ग मर्यादित असून बुद्धिमान सजीव निर्माण होणे जवळजवळ अपरिहार्य होते.

सामाजिक परिणाम

उत्क्रांती म्हणजे प्रगतीची शिडी, या समजुतीचा वापर मानवसमूहांची श्रेष्ठ-कनिष्ठ अशी प्रतवारी करण्यासाठी झाला. सुप्रजननवादाच्या नावाखाली नाझी जर्मनीने १९३३ मध्ये सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. आज जिवंत असलेले सर्व मानव एकाच जातीचे असून त्यांपैकी कोणताही समूह दुसऱ्यापेक्षा ‘कमी उत्क्रांत’ नाही.