दुग्धाम्लाचा बोळा आणि लुळा स्वरतंतू

दूध विरजताना जे आम्ल तयार होते, ते कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८० मध्ये स्वीडनमध्ये आंबलेल्या दुधातून वेगळे केले आणि त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी हेच दुग्धाम्ल, म्हणजे लॅक्टिक आम्ल, क्षयरोग्यांच्या स्वरयंत्राला लावले जाऊ लागले. मात्र त्याआधी जिवंत माणसाचे स्वरयंत्र डोळ्यांना दिसणे आवश्यक होते, आणि ते दाखवण्याचे श्रेय गायनशिक्षक मान्युएल गार्सिया यांच्याकडे जाते. दंतवैद्याचा लहानसा आरसा घशात धरून व सूर्यप्रकाश त्यावर वळवून त्यांनी १८५४ मध्ये स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले.

या आरशामुळे बसलेल्या आवाजाची दोन कारणे निरनिराळी दिसू लागली. एकात स्वरतंतूंवर क्षयाचे व्रण असत; दुसऱ्यात तंतू वरून धडधाकट, पण हलत नसे, कारण त्याला चालना देणारी चेता, म्हणजे मेंदूकडून आज्ञा नेणारी नस, वाटेत कुठेतरी दाबली गेलेली असे. डाव्या बाजूची ही चेता छातीत उतरून महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, कमानीला वळसा घालते व पुन्हा वर चढते. त्यामुळे त्या रोहिणीला आलेला फुगा घशातल्या तंतूला लुळे करू शकतो, हे लुडविग ट्राउबे यांनी १८६० मध्ये बर्लिनमध्ये नोंदवले. छातीतल्या रोगाची खूण घशात वाचता येणे, हा त्या शतकातील वैद्यकाचा खरोखर थोर शोध म्हणावा लागेल.

बर्लिनचेच हेर्मान क्राउझे यांनी १८८५ मध्ये स्वरयंत्राच्या क्षयावर दुग्धाम्लाचा उपचार मांडला. वाकड्या सळईच्या टोकाला कापसाचा बोळा गुंडाळून तो आम्लात बुडवायचा आणि व्रणावर जोराने घासायचा, अशी ही रीत होती. आरंभी सौम्य असलेले द्रावण हळूहळू ८० टक्क्यांपर्यंत तीव्र केले जाई. निरोगी श्लेष्मल त्वचेला फारशी इजा न करता ते व्रणाचा सडका भाग जाळून टाकते, हा त्याचा मोठा गुण मानला गेला. रोग्याला ही आग सोसणे शक्य झाले ते १८८४ मध्ये हाती आलेल्या कोकेनच्या बधिरतेमुळे.

लुळ्या तंतूपुढे मात्र हे आम्ल निरुपयोगी होते, कारण तिथे जाळण्याजोगे काही नसून बिघाड दूरच्या चेतेत होता. त्या तंतूसाठी विल्हेल्म ब्र्यूनिंग्स यांनी १९११ मध्ये निराळाच मार्ग काढला: त्यांनी तंतूत पॅराफिन टोचून त्याला मधोमध सरकवले, जेणेकरून हलणारा दुसरा तंतू बोलताना त्याला येऊन टेकावा.