अल्बानिया : दिलेल्या शब्दाचा देश

युरोपातील मुसलमान म्हटले की आपल्याला बोस्निया आठवतो. अल्बानियाची आठवण क्वचितच होते. एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचा हा देश अवघा २८,७४८ चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. २०२३ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे २४ लाख भरली. किनाऱ्याची सपाट पट्टी सोडली तर सारा मुलूख डोंगरांचा. पूर्व सीमेवरचे कोराब शिखर २,७६४ मीटर उंच आहे. मधून श्कुम्बिन नदी वाहते. तिच्या उत्तरेला गेग बोली, दक्षिणेला तोस्क.

या डोंगरांनी एक प्राचीन भाषा जपली. अल्बानियन ही इंडो-युरोपीय कुळातील स्वतंत्र शाखा आहे. त्या नात्याने आपल्या मराठीची दूरची बहीणच. रोमन आले, बायझंटाईन आले, पुढे उस्मानी तुर्क आले, भाषा टिकली. उस्मानी दरबारात वाढलेला स्कंदरबेग १४४३ मध्ये क्रूयाच्या किल्ल्यावर परतला, ख्रिस्ती झाला आणि १४६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तुर्कांशी लढला. पुढे बहुसंख्य अल्बानियन मुसलमान झाले. तरी स्कंदरबेग त्यांचाही राष्ट्रपुरुष राहिला. इतिहासातील वीराचा धर्म पाहून त्याला परके ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तेथे सुन्नी आहेत, बेक्ताशी सूफी आहेत, उत्तरेत कॅथलिक आणि दक्षिणेत ऑर्थोडॉक्स आहेत. या सर्वांना जोडणारा धागा कोणता? भाषा. पण ती लिहायची कोणत्या लिपीत? मुसलमानांनी अरबी लिपीच वापरावी, असा काहींचा आग्रह होता. १९०८ मध्ये मोनास्तिर येथे परिषद भरली. तिचे अध्यक्ष मिदहत फ्राशरी मुसलमान, तर वर्णमाला समितीचे प्रमुख गेर्ग फिश्ता कॅथलिक पाद्री. दोघांच्या साक्षीने लॅटिन लिपीचा मार्ग मोकळा झाला. चारच वर्षांनी, २८ नोव्हेंबर १९१२ रोजी, व्लोरा येथे इस्माईल केमाली यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. ‘मुसलमान असून मराठीत का लिहिता?’ हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे, त्या आम्हांला ही हकीकत परकी वाटत नाही.

अल्बानियन माणसाच्या जीवनात ‘बेसा’ या शब्दाला मोठे स्थान आहे. बेसा म्हणजे दिलेला शब्द. या डोंगरांत खुनाचा बदला खुनाने घेण्याची क्रूर रीतही होती, हे लपवण्याचे कारण नाही. पण आश्रयाला आलेल्याचे रक्षण करणे हाही त्याच रीतीचा भाग. १९४३ मध्ये जर्मन फौजा आल्या, तेव्हा मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांनी ज्यूंना घरांत दडवले, आपली नावे दिली, आपले कपडे घातले. युद्धापूर्वी तेथे सुमारे २०० ज्यू होते. युद्ध संपले तेव्हा त्यांची संख्या त्याहून कितीतरी वाढलेली होती. युरोपात असे उदाहरण दुर्मीळ.

पुढे याच देशावर वेगळी आपत्ती आली. एन्व्हर होक्सा यांच्या राजवटीने १९६७ मध्ये सर्व मशिदी आणि चर्च बंद केले. १९७६ च्या घटनेने देश नास्तिक ठरवला. हाफिज साब्री कोची यांनी वीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला. १६ नोव्हेंबर १९९० रोजी श्कोदर येथील मशिदीत त्यांनीच पुन्हा नमाज पढवली. बारा दिवसांपूर्वी त्याच शहरात कॅथलिकांची जाहीर प्रार्थना झाली होती, आणि दोन्ही प्रसंगी दोन्ही धर्मांचे लोक जमले होते.

कोलकात्याच्या मदर तेरेसाही अल्बानियनच; जन्म १९१० चा, स्कोप्येचा. त्यांच्यामुळे या लोकांशी आपले एक नाते आहेच. सत्तेने श्रद्धा पुसू पाहिली, ती पुसली गेली नाही. धर्माच्या नावाने भाषा हिरावू पाहिली, तीही गेली नाही. या लहानशा देशाकडून आपण निदान एवढे तरी शिकावे : शेजाऱ्याला दिलेला शब्द पाळणे हाही इमानाचाच भाग आहे.