बोलायला शिकवायचं कुणी?

आरमोरी ते नागपूर अंतर सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे ऑटिझम असलेल्या पोराच्या पाऊण तासाच्या स्पीच थेरपीसाठी अख्खा दिवस जाणार, आईची किंवा बापाची मजुरी बुडणार. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत तर विषयच सोडा. आपण पुण्यात बसून "लवकर थेरपी सुरू करा हो" असं म्हणतो, तेव्हा हे गणित आपल्या डोक्यात नसतं. ही थेरपी तज्ज्ञाच्या खोलीतच व्हायला हवी, हे ठरलं तरी कधी? या वीकएंडला तेच शोधत बसलो, आणि हाती लागला तो बराचसा आयांचा इतिहास.

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनरने ११ मुलांवर एक लेख लिहिला. ऑटिझमची आजची ओळख तिथून सुरू होते. त्यातली तीन मुलं बोलत नव्हती. बाकीची आठ बोलायची, पण ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणायची. म्हणजे आपल्याकडे तहान लागल्यावर एखादं पोर "तुला पानी पायजे?" म्हणेल, तसं. कॅनरने निरीक्षणं अफाट बारकाईने केली, पण या मुलांचे आईबाप फारसे मायाळू नसतात असंही नोंदवून ठेवलं. पुढे ब्रुनो बेटेलहाइमने १९६७ च्या पुस्तकात तर आयांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आई थंड म्हणून मूल मुकं! एका पिढीच्या आयांनी हे ऐकून घेतलं. खरं तर बर्नार्ड रिमलंडने १९६४ मध्येच याच्या विरोधात पुस्तक लिहिलं होतं. तो स्वतः मानसशास्त्रज्ञ होता आणि एका ऑटिस्टिक मुलाचा बापही.

मग आला तज्ज्ञांचा जमाना. लोवासने १९८७ मध्ये १९ मुलांचे निकाल छापले. त्यातली नऊ मुलं साध्या शाळेत साध्या वर्गात गेली, असं त्याचं म्हणणं. पण थेरपी आठवड्याला ४० तास! (आपल्या टाइमशीटइतकी.) साठच्या दशकात याच लोवासने मुलांना विजेचे झटके देण्याचेही प्रयोग केले होते, हे कौतुक करताना विसरू नये.

आपल्याकडे स्पीच थेरपी वाढली ती प्रामुख्याने बहिरेपणाच्या उपचारांचं बोट धरून. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची, तीही मुळात कर्णबधिरांसाठी. त्यामुळे न बोलणाऱ्या मुलाची आधी श्रवणतपासणी होते, आणि ते बरोबरच आहे. पण कान ठीक निघाले तर पुढे काय? १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या कायद्यात स्वतंत्र अपंगत्व म्हणून मोजला गेला. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा केंद्रावर स्पीच थेरपिस्टचं पद आहे. कागदावर चांगलंच आहे. पण अख्ख्या जिल्ह्यासाठी एक माणूस?

दरम्यान विचार बदलत होता. १९८१ मध्ये प्रिझंट आणि डुकन यांनी दाखवलं की ते "तुला पानी पायजे?" निरर्थक नाही, मूल त्यातून काहीतरी मागतंय. १९८५ मध्ये अमेरिकेत बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी चित्रांची कार्डं हातात देऊन मागायला शिकवणारी पेक्स पद्धत काढली. कार्डं दिली की मूल बोलायचं थांबेल, ही भीती पुढच्या अभ्यासांत खरी ठरली नाही. थोडक्यात, उच्चाराआधी संवाद.

आणि आता गोवा. तिथली संगाथ संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी, दोन्हीकडे मिळून ६५ मुलांवर एक चाचणी झाली. निकाल लॅन्सेट सायकिअॅट्रीत २०१६ च्या अंकात आले. तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालक आणि मुलाच्या खेळण्याचा व्हिडिओ काढायचा, मग पालकासोबत बसून तो बघायचा. "इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?" पंधरा दिवसांतून साधारण एक तास. पालक मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. जादू नाही ही. एकत्र लक्ष देण्याचा वेळ तर उलट कमी झालेला दिसला. पण जिला दोषी ठरवलं होतं तीच आई इथे थेरपीच्या मध्यभागी आहे. तिच्यावर आणखी एक काम पडतं हेही खरंच, आणि बापही व्हिडिओत दिसू शकतो की!

गडचिरोलीला ही कल्पना नवी वाटू नये. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली आणि ३९ गावांत नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आणले. तो लेख लॅन्सेटमध्येच, १९९९ साली.

भाषेचं एक राहिलं. झाडीबोलीत ण आणि ळ नाहीत. तिथे पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोरा. शहरातल्या तक्त्यावरून हे 'दोष' म्हणून सुधारत बसणं म्हणजे पोराचे तास वाया घालवणं. घरात गोंडी असेल तर ती सोडून फक्त मराठी बोला, असा सल्लाही काही जण देतात. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं नुकसान होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आयआयटी मुंबईच्या 'जेलो' या चित्रांच्या अॅपमध्ये मराठी आहे. नसेल जमत, तर फोनवर काढलेले घरचेच फोटो छापून घ्यायचे: गडवा, बंडी, आजी. आणि त्याखाली आजी म्हणते तोच शब्द लिहायचा.