सॅक्रामेंटो किंग्ज : पाच शहरे, एक जेतेपद आणि दोन सोबती

4 आणि 5 ऑक्टोबर 2019 रोजी मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, एनबीए या अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे दोन सामने झाले. या लीगचे संघ भारतात पहिल्यांदाच खेळत होते. पहिला सामना शाळकरी मुलांसाठी ठेवला होता. त्यात इंडियाना पेसर्सने सॅक्रामेंटो किंग्जला जादा वेळेत 132-131 असे हरवले. दुसऱ्या दिवशीही किंग्ज हरले. या हरलेल्या संघाचे मालक आहेत विवेक रणदिवे. आडनाव आपल्या ओळखीचे आहे, जन्मही मुंबईचा. किशोरवयात ते शिकायला अमेरिकेत गेले, सॉफ्टवेअरच्या धंद्यात मोठे झाले आणि 2013 मध्ये त्यांच्या गटाने हा संघ विकत घेतला. एनबीए संघाचे ते पहिले भारतीय वंशाचे मुख्य मालक.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मुलांचा जीव क्रिकेट आणि कबड्डीत. बास्केटबॉल म्हणजे बड्या शाळांचा खेळ, अशी समजूत आहे. पण मुंबईच्या नागपाड्यात हा गल्लीतल्या पोरांचा खेळ आहे. भारताचे कर्णधार राहिलेले आणि 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळवलेले गुलाम अब्बास मुंतसिर तिथलेच. म्हणून हा खेळ परका मानण्याचे कारण नाही. किंग्जचा इतिहास तर आपण जरूर वाचावा, असा आहे.

या संघाची सुरुवात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात झाली. नाव होते रॉचेस्टर रॉयल्स, मालक आणि प्रशिक्षक लेस हॅरिसन. 1946 मध्ये त्यांनी डॉली किंग या कृष्णवर्णीय खेळाडूला संघात घेतले. 1951 मध्ये रॉयल्सने न्यूयॉर्क निक्सला अंतिम फेरीत 4-3 असे हरवून एनबीएचे जेतेपद मिळवले. ते पहिले आणि आजवरचे शेवटचे. पुढे रॉचेस्टरमध्ये पैशाचे गणित जमेना, म्हणून 1957 मध्ये संघ सिनसिनाटीला गेला. 1972 मध्ये कॅन्सस सिटी आणि ओमाहा अशी दोन घरे झाली. कॅन्सस सिटीत रॉयल्स नावाचा बेसबॉल संघ आधीच होता, म्हणून हे ‘किंग्ज’ झाले. 1985 पासून मुक्काम कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो इथे. 2013 मध्ये तिथूनही सिएटलला जायची वेळ आली होती, ती रणदिवेंच्या गटामुळे टळली.

ट्रॉफ्या मोजल्या तर हा संघ गरीब आहे. 2006 नंतर सलग 16 हंगाम त्याला प्लेऑफमध्येही जाता आले नाही. पण त्याच्याकडे जी माणसे होती, ती मोठी होती.

त्यात पहिले नाव मॉरिस स्टोक्स यांचे. 1955 मध्ये ते रॉयल्समध्ये आले आणि पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित ठरले. 12 मार्च 1958 रोजी मिनियापोलिसमध्ये सामना चालू असताना ते डोक्यावर पडले आणि बेशुद्ध झाले. शुद्धीवर आल्यावर पुन्हा खेळायला उतरले. तीन दिवसांनी डेट्रॉइटमध्ये आणखी एक सामना खेळले. परतीच्या विमानात त्यांना झटके आले, ते कोमात गेले आणि मग सारे शरीर लुळे पडले. वय 24.

पुढे दवाखान्याचे बिल कोण भरणार? तेव्हा खेळाडूंना आजच्यासारखे संरक्षण नव्हते. त्यांच्याच संघातले जॅक ट्वायमन त्या वेळी 23 वर्षांचे होते. स्टोक्स काळे, ट्वायमन गोरे. अमेरिकेच्या अनेक राज्यांत तेव्हा दोघांना एका बाकावर बसणेही कठीण. ट्वायमन न्यायालयात जाऊन स्टोक्स यांचे कायदेशीर पालक झाले. नुकसानभरपाईसाठी ते लढले. दर उन्हाळ्यात मोठमोठ्या खेळाडूंना बोलावून मदतीचे सामने भरवले. स्टोक्स यांना बोलता येत नसे, तेव्हा ट्वायमन एकेक अक्षर म्हणत आणि हवे ते अक्षर आले की स्टोक्स पापणी हलवत. असे शब्द जुळवत दोघे बोलत. आपण आजाऱ्याच्या अयादतीला जातो, दहा मिनिटे बसतो आणि उठतो. ही अयादत 12 वर्षे चालली, 6 एप्रिल 1970 रोजी स्टोक्स यांचे निधन होईपर्यंत. 2004 मध्ये स्टोक्स यांचे नाव हॉल ऑफ फेममध्ये आले, तेव्हा तो सन्मान ट्वायमन यांनीच स्वीकारला. आज एनबीए उत्तम सहकारी खेळाडूला जो पुरस्कार देते, तो या दोघांच्या नावाने आहे.

दुसरे नाव ऑस्कर रॉबर्टसन. 1961-62 च्या हंगामात त्यांनी दर सामन्याला सरासरी 30.8 गुण, 12.5 रिबाउंड आणि 11.4 असिस्ट केले. पण त्यांचे मोठे काम मैदानाबाहेरचे. तेव्हा करार संपला तरी खेळाडू मालकाच्याच ताब्यात राहत असे. खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून रॉबर्टसन यांनी 1970 मध्ये खटला भरला. 1976 मध्ये तडजोड झाली आणि खेळाडूला आपला संघ निवडण्याची वाट मोकळी झाली.

आता महमूद अब्दुल रऊफ. मूळ नाव ख्रिस जॅक्सन, मिसिसिपीचे. 1991 मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला. टुरेट हा मज्जातंतूंचा विकार असूनही नेमबाजी अचूक. डेन्व्हर संघात असताना ते राष्ट्रगीताला उभे राहत नसत, कारण तो ध्वज त्यांना जुलमाचेही प्रतीक वाटे. मार्च 1996 मध्ये लीगने त्यांना एका सामन्यासाठी निलंबित केले. मग उभे राहून दुआ करायची, असा तोडगा निघाला. काही महिन्यांतच डेन्व्हरने त्यांना सॅक्रामेंटोला देऊन टाकले. 1998 मध्ये किंग्जशी करार संपला आणि 29 व्या वर्षी त्यांना एनबीएत कुणी घेईना. ते तुर्कस्तानात खेळायला गेले. आपल्याला ठरवून बाहेर ठेवले, असे ते सांगतात. मी रोज परिपाठाला मुलांसोबत राष्ट्रगीत म्हणतो, मनापासून म्हणतो. तरीही मला वाटते, त्यांचे मत न पटणाऱ्यांनाही त्यांच्या शेजारी बसता आले असते. त्यांच्या वाट्याला कुणी ट्वायमन आला नाही.

मार्च 2018 मध्ये सॅक्रामेंटोच्या पोलिसांनी स्टीफन क्लार्क या 22 वर्षांच्या निःशस्त्र काळ्या तरुणाला त्याच्या आजीच्या परसात गोळ्या घातल्या. त्याच्या अंत्यविधीत इमाम झैद शाकिर बोलले. त्याआधी 22 मार्चला निदर्शकांनी किंग्जच्या स्टेडियमची दारे अडवली होती. हजारो तिकीटधारक बाहेर राहिले आणि सामना जवळजवळ रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला. मालकाचे नुकसान उघड होते. पण सामना संपल्यावर रणदिवे खेळाडूंना घेऊन मैदानात उभे राहिले आणि निदर्शकांचा हक्क मान्य करून शहराच्या दुःखात आपण सोबत आहोत, असे बोलले.

वर्गात मुले विचारतात, सर, तुमची आवडती टीम कोणती? मी किंग्जचे नाव घेतो. मग ती विचारतात, त्यांनी काय जिंकले? तेव्हा मी स्टोक्स-ट्वायमनची गोष्ट सांगतो आणि रऊफ यांचीही. एकाच संघात दोन्ही घडले, हे मुलांना कळले पाहिजे. वर्गात कुणी मागे पडला, आजारी पडला किंवा सगळ्यांपेक्षा वेगळे बोलला, तर त्याच्या बाकावर कोण जाऊन बसेल, हे शेवटी त्यांनाच ठरवायचे आहे.