इंग्रजांचा केरवारा आणि त्याचे शब्द

राजेरजवाड्यांचा इतिहास सांगणारे वक्ते या व्यासपीठावर पुष्कळ येतात. मी आज इंग्रजांच्या केरवाऱ्याचा इतिहास सांगणार आहे, आणि तोही त्यांच्याच शब्दांतून. शब्दकोशाखेरीज इंग्रजीचा दुसरा मास्तर मला लाभला नाही, त्यामुळे ही खोड जडली.

घरोघरी जाऊन रोजावर केर-फरशी करणाऱ्या बाईला इंग्रज 'चारवुमन' म्हणत. यातला 'चार' हा जुन्या इंग्रजीतील 'वळण' या अर्थाचा शब्द. त्यावरून 'पाळी', 'कामाची खेप' असा अर्थ आला. घरच्या किरकोळ कामांना 'चोअर' म्हणतात, तो याच शब्दाचा भाऊ. आपल्या 'मोलकरणी'त मोलाचा निदान उल्लेख तरी आहे. इंग्रजी शब्दात तोही नाही. बाई येते, पाळी उरकते आणि जाते.

मेहनतीला इंग्रज सतराव्या शतकापासून 'एल्बो ग्रीस' म्हणत आले आहेत, म्हणजे कोपराचे वंगण. हे वंगण दुकानात मिळत नाही, म्हणून मालकिणीच्या हिशेबात त्याला किंमत नाही! पुढे १९०४ साली लिव्हर ब्रदर्सने घासण्याची पूड काढली आणि तिचे नाव ठेवले 'विम'. लॅटिनमध्ये याचा अर्थ बळ. बळ डब्यात भरल्याबरोबर त्याची किंमत छापता आली.

परंतु सर्वांत बोलका शब्द 'हूव्हर' हा होय. ब्रिटनमध्ये धूळ ओढणारे यंत्र चालविण्याला सर्रास 'हूव्हर करणे' म्हणतात. हे यंत्र बनविले अमेरिकेतील कँटन गावच्या जेम्स मरी स्पँगलर यांनी. ते एका दुकानात झाडलोट करीत. धुळीने खोकून बेजार होत. पंख्याची मोटर, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा जोडून त्यांनी यंत्र उभे केले, १९०८ साली पेटंट घेतले आणि ते हूव्हर या चामड्याच्या मालाच्या कारखानदाराला विकले. स्पँगलरना मोबदला मिळाला, हे मान्य केले पाहिजे. नाव मात्र भाषेत राहिले ते विकत घेणाऱ्याचे.

आणि झाडणाऱ्या बाईचे नाव? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बी.बी.सी.च्या एका विनोदी कार्यक्रमात 'मिसेस मॉप' नावाची चारवुमन होती. मॉप म्हणजे फरशी पुसायचे दांड्याचे फडके. तेच नाव सगळ्या चारवुमनना चिकटले. यंत्राला माणसाचे नाव, माणसाला फडक्याचे.

या बायका विसाव्या शतकात रात्री कचेऱ्याही साफ करीत. १९७० पासून लंडनच्या मे हॉब्ज या स्वतः रात्रपाळीच्या सफाई कामगार बाईंनी त्यांना युनियनमध्ये आणण्याचा प्रयत्न चालविला. एका बाईला एका इमारतीत गाठायचे, तेही मध्यरात्री. हे काम किती जिकिरीचे, ते आम्हा संघटकांना विचारा. १९७२ साली फुलहॅम येथील एका सरकारी इमारतीत या बायकांनी संप केला. इतर संघटित कामगारांनी त्यांना साथ दिली. तिथला कचरासुद्धा कोणी उचलीना. पगार वाढला, युनियनला मान्यता मिळाली. या लढ्यात त्यांनी स्वतःला 'क्लीनर' म्हटले.