दुरून युद्ध साजरं

आधीच एक कबुली देऊन टाकतो. २०२२ च्या फेब्रुवारीपासून पुढची जवळजवळ दोन वर्षं मी युद्धतज्ज्ञ होतो! शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं, नोकरी कोड लिहायची, एनसीसीसुद्धा दुसऱ्या वर्षी सोडून दिलेली. पण लंचच्या टेबलावर 'आता रशिया काय करणार?' असा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघायचे. आणि मी सांगायचोही. बिनधास्त.

याचं खापर मी एका ट्रॅफिक जॅमवर फोडतो. २४ फेब्रुवारी २०२२. कॅलिफोर्नियातल्या मिडलबरी इन्स्टिट्यूटमधले जेफ्री लुईस आणि त्यांचे सहकारी गूगल मॅप्स उघडून बसले होते. रशियातल्या बेल्गोरोदजवळ, युक्रेनच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांना वाहतूक तुंबलेली दिसली. तिथली वेळ पहाटे सव्वातीनची. एवढ्या पहाटे कोण ऑफिसला निघालंय? लुईस यांचा तर्क असा की सैन्याच्या गाड्यांमुळे साधी माणसं रस्त्यात अडकली असणार, आणि त्यांच्या खिशातले फोन गूगलला 'आम्ही थांबलोय' असं कळवत असणार. काही तासांतच पुतिन टीव्हीवर आले आणि युद्ध सुरू झालं.

हे वाचलं आणि मी गारद झालो. म्हणजे युद्ध सुरू झाल्याचं जगाला कळायच्या आधी ते एका ॲपवर दिसलं होतं! आपण रोज हिंजवडीच्या सिग्नलला शिव्या देत जी लाल रेघ बघतो, तीच. मग काय, मी नकाशे बघायला लागलो. सॅटेलाइटचे फोटो बघायला लागलो. एक एक्सेल शीटच बनवली. तारीख, गाव, कोणाच्या ताब्यात, आणि शेवटचा कॉलम 'माझा अंदाज'.

सुरुवातीला माझंच नाही, भल्याभल्यांचं चुकलं. कीव्ह तीन दिवसांत पडणार, असं अमेरिकेतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही वाटत होतं. पडलं नाही. कीव्हच्या उत्तरेला रशियन गाड्यांची ६४ किलोमीटर लांब रांग सॅटेलाइटला दिसली. ती दिवसेंदिवस अडकून पडली आणि एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला रशियन फौजा तिथून मागे गेल्या. १४ एप्रिलला काळ्या समुद्रातली रशियाची ध्वजनौका 'मोस्क्वा' बुडाली. मग माझा अंदाज एकदम उलटा फिरला. शीटमध्ये मी लिहिलं: 'रशियन आर्मी संपली.' पूर्णविराम.

दरम्यान मी एका वैमानिकाच्याही प्रेमात पडलो होतो. 'घोस्ट ऑफ कीव्ह'! एकट्याने म्हणे रशियाची सहा विमानं पाडली. त्याचा व्हिडिओ मी चार ग्रुपवर फॉरवर्ड केला. तो व्हिडिओ एका कॉम्प्युटर गेममधला निघाला, आणि एप्रिल २०२२ च्या अखेरीस खुद्द युक्रेनच्या हवाई दलाने सांगून टाकलं की ही दंतकथा आहे. मी गेम खेळत मोठा झालेला माणूस... तरी मला कळलं नाही. असो.

नाशिकला बाबा रोज फोनवर विचारायचे, "काय रे, आज काय म्हणतंय तुझं युद्ध?" ते निवृत्त शिक्षक, विषय इतिहास. एक दिवस मी त्यांना क्रिमिया, सेवास्तोपोल वगैरे समजावून सांगत होतो. ते शांतपणे म्हणाले, "अरे, आपल्या नानासाहेबांचा वकील जाऊन आलाय तिथे. तोही असंच युद्ध बघायला गेला होता."

मी शोधायला बसलो, आणि पुढचे तीन वीकेंड त्यातच गेले.

*

क्रिमियाचं युद्ध १८५३ ते १८५६. एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला तुर्कस्तान, ब्रिटन, फ्रान्स आणि नंतर सार्डिनिया. सगळ्यात मोठी झुंज सेवास्तोपोलच्या बंदरासाठी. वेढा सुरू झाला ऑक्टोबर १८५४ मध्ये आणि चालला अकरा महिने. १८ मार्च २०१४ ला पुतिन यांनी क्रिमिया रशियाला जोडून घेताना जे भाषण केलं, त्यात याच वेढ्यातली मालाखोव टेकडी आहे आणि बालाक्लावाही आहे. रशियाच्या लेखी ती पवित्र जागा. पण याच वेढ्यात गाजलेला खलाशी कोश्का हा आजच्या युक्रेनमधल्या विन्नित्सा भागातल्या खेड्यात जन्मलेला शेतकऱ्याचा पोर. आणि डिसेंबर १९९१ मध्ये युक्रेन स्वतंत्र व्हावा का, यावर मतदान झालं तेव्हा क्रिमियातही ५४ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं होतं. भाषणात हे सगळं बसत नाही.

पण मला जास्त गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हे युद्ध लोकांनी 'फॉलो' केलं! लंडनच्या 'द टाइम्स'ने विल्यम हॉवर्ड रसेल नावाचा बातमीदार थेट आघाडीवर पाठवला होता. २५ ऑक्टोबर १८५४ ला बालाक्लावाला ब्रिटिश घोडदळ रशियन तोफांच्या तोंडी गेलं. रसेलचं त्यावरचं वार्तापत्र छापून आलं १४ नोव्हेंबरला. वीस दिवस! एप्रिल १८५५ मध्ये वार्ना ते बालाक्लावा अशी समुद्राखालून तार टाकली गेली, आणि बातम्या तासांत पोचायला लागल्या.

खोट्या बातम्या मात्र त्याआधीच पोचत होत्या. २० सप्टेंबर १८५४ ला आल्माची लढाई दोस्तांनी जिंकली. मग एका तातार निरोप्याच्या हवाल्याने बातमी पसरली की सेवास्तोपोलही पडलं. लंडन-पॅरिसमध्ये आनंदीआनंद! वेढा तेव्हा सुरूसुद्धा झाला नव्हता. माझ्या घोस्ट ऑफ कीव्हचा हा खापरपणजोबा.

फोटोंचंही तेच. रॉजर फेंटनने १८५५ मध्ये सेवास्तोपोलजवळच्या एका घळीतल्या रस्त्याचे दोन फोटो काढले. एकात तोफगोळे रस्त्यावर विखुरलेले आहेत, दुसऱ्यात रस्ता मोकळा. पहिला कुठला? गोळे उचलले की मुद्दाम आणून टाकले? यावर लोक वाद घालत होते. २००७ मध्ये एरॉल मॉरिस हा माहितीपट बनवणारा माणूस हे शोधायला थेट क्रिमियात गेला. उन्हावरून, सावल्यांवरून काहीच ठरेना. शेवटी उत्तर मिळालं ते बारीकशा दगडांमुळे. दोन फोटोंचा डिफ काढल्यासारखं बघितलं, तर गोळे रस्त्यावर असलेल्या फोटोत काही दगड उताराच्या बाजूला सरकलेले होते. दगड चढ चढून वर जात नाहीत. म्हणजे मोकळा रस्ता आधी, गोळे नंतर! आज एखादा व्हिडिओ नेमका कुठला, कधीचा हे जी मंडळी झाडं आणि विजेचे खांब बघून शोधतात, त्यांचं काम हेच.

आणि बातम्यांमुळे शत्रूचा फायदा होतो ही तक्रारही तेव्हाचीच. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅगलन वैतागून म्हणायचे की आमची सगळी माहिती रशियाला 'टाइम्स'मधून मिळते. २०२२ मध्ये गूगलने युक्रेनमधलं लाइव्ह ट्रॅफिक बंद केलं, ते याच भीतीने.

*

आता बाबांच्या वकिलाकडे येतो.

अझीमुल्ला खान. १८३७-३८ च्या दुष्काळात अनाथ झालेला मुलगा, कानपूरच्या मिशनमध्ये वाढला. इंग्रजी शिकला, फ्रेंच शिकला, आधी साहेबांच्या घरी खिदमतगार, मग मास्तर, आणि पुढे बिठूरला नानासाहेब पेशव्यांच्या पदरी. दुसरे बाजीराव १८५१ मध्ये वारले आणि कंपनीने वर्षाची ८ लाखांची पेन्शन बंद केली. दत्तक मुलाला ती मिळावी म्हणून रदबदली करायला नानासाहेबांनी अझीमुल्लाला १८५३ मध्ये लंडनला पाठवलं. तिथल्या मेजवान्यांत त्याचं बरंच कौतुक झालं, पण काम झालं नाही.

परत येताना तो कॉन्स्टँटिनोपलला पोचला. १८ जून १८५५ ला ब्रिटिश आणि फ्रेंचांनी सेवास्तोपोलवर मोठा हल्ला चढवला होता आणि दोघांनीही सपाटून मार खाल्ला होता. अझीमुल्लाच्या कानावर हे आलं. ज्या रशियनांनी इंग्रज आणि फ्रेंच दोघांना एकदम मागे रेटलं ते आपल्याला बघायचेत, म्हणाला. आणि खरंच क्रिमियात गेला. रसेलला भेटला, त्याच्याकडे राहिला, रशियन तोफखान्याचा मारा लक्ष देऊन बघितला. रसेल पुढे १८५८ मध्ये भारतात आला तेव्हा त्याला ही भेट आठवली. १८६० मध्ये आलेल्या त्याच्या डायरीच्या पुस्तकात ती आहे.

क्षणभर त्याच्या जागी उभं राहून बघा. लंडनमध्ये ज्यांनी याचे अर्ज फेटाळले, त्यांचं अजिंक्य सैन्य इथे आजारी, हैराण, पुन्हापुन्हा मागे रेटलं जाणारं! त्याला जे दिसलं ते शंभर टक्के खरं होतं. या लोकांना हरवता येतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. दोन वर्षांनी कानपूर पेटलं तेव्हा तो नानासाहेबांच्या शेजारी होता.

पण तो निघून गेल्यावर काय झालं? ८ सप्टेंबर १८५५ ला फ्रेंचांनी मालाखोव टेकडी घेतली आणि रशियनांनी सेवास्तोपोलचा दक्षिण भाग सोडला. मार्च १८५६ मध्ये तह झाला आणि ब्रिटिश सैन्य मोकळं झालं. १८५७ मध्ये चीनला निघालेल्या फौजा वाटेतून कलकत्त्याकडे वळवल्या गेल्या. सेनापती म्हणून आले सर कॉलिन कॅम्पबेल. हे कॅम्पबेल बालाक्लावाला हायलँडर्सचे नायक होते! ६ डिसेंबर १८५७ ला कानपूरला तात्या टोप्यांच्या फौजेचा पराभव केला तो यांनीच. त्यांच्यासोबत ९३ वी हायलँडर पलटणही होती, तीसुद्धा बालाक्लावाचीच. म्हणजे अझीमुल्ला जे सैन्य खचलेलं बघून आला, त्यातलीच माणसं दोन वर्षांनी त्याच्या दारात उभी राहिली, आणि मधल्या काळात ती बरंच काही शिकलेली होती.

उठावाची कारणं कितीतरी होती, एका माणसाच्या सहलीमुळे १८५७ घडलं नाही. पण हे वाचल्यावर मी माझी एक्सेल शीट उघडली. 'रशियन आर्मी संपली.' पूर्णविराम. तारीख १४ एप्रिल २०२२.

*

अडकलेली रांग खरी होती. मोस्क्वा खरंच बुडाली. सप्टेंबर २०२२ मध्ये खार्कीव्ह भागात रशियन फौजा पळाल्या, नोव्हेंबरमध्ये खेर्सन सुटलं, तेही खरं. त्यावरून मी (आणि माझ्यापेक्षा कितीतरी हुशार लोकांनी) ठरवलं की २०२३ च्या उन्हाळ्यात युक्रेनचं सैन्य समुद्राला भिडणार. मी तर टीममध्ये बिर्याणीची पैज लावली. मेलितोपोल, ऑगस्टच्या आत!

पण हरलेलं सैन्य तसंच बसून राहत नाही. रशियाने तो हिवाळा खंदक खणण्यात, सुरुंग पेरण्यात आणि नवी माणसं भरती करण्यात घालवला. जूनमध्ये सुरू झालेली मोहीम पाच महिन्यांत जेमतेम १७ किलोमीटर पुढे गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये युक्रेनचे सरसेनापती झालुझ्नी यांनी जाहीरपणे कबूल केलं की एवढी माणसं गमावल्यावर रशिया थांबेल असं त्यांना वाटलं होतं, आणि ती त्यांची चूक होती. त्यांची चूक आणि माझी चूक एकाच जातीची. फरक इतकाच की मी बिर्याणी हरलो.

एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या क्लायंटच्या टीममध्ये एक टेस्टर होती, मूळची खार्कीव्हची, युद्धामुळे पश्चिमेला ल्विव्हला गेलेली. सप्टेंबर २०२२ मध्ये बालाक्लिया सुटलं. नकाशावर तो तुकडा निळा झाला आणि मी उत्साहाने तिला पिंग केलं, 'अभिनंदन! तुमचे लोक जबरदस्त!' वर नकाशाचा स्क्रीनशॉट. पाच मिनिटांनी उत्तर आलं. 'थँक्स. माझी मावशी तिथेच आहे. मार्चपासून फोन लागत नाही. नवा बिल्ड कधी देतोस?'

मी बिल्ड दिला. दुसरं काय बोलायचं ते सुचलंच नाही. बारा दिवसांनी तिने स्वतःहून कळवलं, मावशी सापडली, घराला छप्पर नाही पण बाई ठीक आहेत. त्या बारा दिवसांत माझ्या शीटमध्ये त्या गावासमोर फक्त 'मुक्त' एवढाच शब्द होता.

शीट मी डिलीट केली नाही. 'माझा अंदाज' हा कॉलम तेवढा बंद केला. त्याजागी आता लिहितो, 'हे कोणी पाहिलं, कधी, आणि त्यानंतर काय काय बदललं असेल?' बहुतेक वेळा तो रकाना रिकामाच राहतो. लंचच्या टेबलावर मला आता फारसं कोणी विचारत नाही, तेही बरंच आहे.

बाबा मात्र अजून विचारतात. मी म्हणतो, "बघतोय बाबा." ते म्हणतात, "अझीमुल्लापण बघतच होता रे."