नको असलेला ढग आणि नळदुर्ग

दिवाळीत गावी गेलं की 'कॉम्प्युटरवाला आला' म्हणून दोन-तीन लॅपटॉप हमखास समोर येतात. प्रश्नही ठरलेला. खाली कोपऱ्यात हे ढगाचं चित्र कसलं? आणि ते काढायचं कसं? उत्तर जरा लांबचं आहे, म्हणून हा रविवार त्याच्यावर.

ढगाचा इतिहास छोटाच. 2007 साली मायक्रोसॉफ्टने स्कायड्राइव्ह काढलं. ते नाव ब्रिटनमधल्या स्काय कंपनीच्या ट्रेडमार्कला आडवं गेलं, 2013 मध्ये कोर्टात हार झाली आणि 2014 मध्ये त्याचं वनड्राइव्ह झालं. फुकटची जागा 15 जीबी होती, ती 2016 मध्ये 5 वर आली. दरम्यान विंडोज 8.1 पासून हे प्रकरण विंडोजमध्येच बसून येऊ लागलं. 2024 मध्ये तर नवीन विंडोज 11 लावताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स हे फोल्डर वेगळं न विचारताच वर जातायत, हे लोकांच्या लक्षात आलं. 5 जीबी भरायला एका लग्नाचे फोटो पुरतात. मग जागा विकत घ्या म्हणून सूचना सुरू!

मंडळी, न मागितलेली सेवा आणि तिचं बिल हा प्रकार आमच्या धाराशिव जिल्ह्याने फार आधी पाहिलाय.

हैदराबादच्या निजामाकडे 1800 च्या तहानुसार इंग्रजांची तैनाती फौज होतीच. पुढे रेसिडेंट हेन्री रसेलच्या काळात आणखी एक फौज उभी राहिली, तीच हैदराबाद कंटिन्जंट. नाव निजामाचं, अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा आणि पगार निजामाच्या खिशातून. (बंडल्ड सॉफ्टवेअर म्हणतात ते हेच.) शांततेच्या काळात ती पोसायचं तहात कुठेही लिहिलेलं नव्हतं. खुद्द डलहौसीला हे मान्य होतं, पण म्हणून फौज काही कमी झाली नाही. पगार थकले की कंपनी पैसे पुरवायची आणि व्याजासकट निजामाच्या नावावर मांडायची. हा आकडा चाळीस लाखांच्या वर गेला. शेवटी 21 मे 1853 रोजी नासिर-उद-दौलाने नाइलाजाने तहावर सही केली. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख फौजेच्या खर्चासाठी कंपनीच्या ताब्यात गेला. नळदुर्गचा कारभार पाहायला आला तो मेडोज टेलर, ठगांवरच्या कादंबरीचा लेखक.

आता यातली गंमत बघा. कागदावर मुलूख निजामाचाच राहिला. मालकी इथे, ताबा तिथे. वनड्राइव्हच्या 'फाइल्स ऑन-डिमांड'मध्ये नेमकं हेच होतं. फाइल तुमच्या फोल्डरमध्ये दिसते, नाव दिसतं, साइजही दिसते, पण शेजारी निळा ढग असेल तर ती तुमच्या मशीनवर नाहीच! लोक वैतागून थेट अकाउंट तोडतात आणि मग या फाइली फोल्डरमधून गायब होतात. त्या वर असतात म्हणा, पण त्या अकाउंटचा पासवर्ड आठवत असेल तर. लॅपटॉप ज्या दुकानदाराने सेट करून दिला त्यानेच अकाउंट काढलेलं असलं तर मग बघायलाच नको.

1857 मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचं बक्षीस म्हणून 1860 च्या तहात पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं, नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र अडकलं ते अडकलंच. 1902 मध्ये कर्झनने ते वर्षाला 25 लाखांवर कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलं.

तर काढायचं असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी वनड्राइव्हच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळ्या ढगांच्या हिरव्या टिका होईपर्यंत थांबा. गावाकडच्या नेटवर रात्रभर लागेल, लागू दे. एक कॉपी पेनड्राइव्हवर घ्या. मग सेटिंगमधून फोल्डर बॅकअप बंद, नंतर 'अनलिंक धिस पीसी' आणि मग अनइन्स्टॉल. डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, फाइली बहुतेक वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच असतात, तिथून उचलून जागेवर ठेवा. वरचं डिलीट करायचं ते सगळ्यात शेवटी. अनलिंक करायच्या आधी केलंत तर खालचंही जातं, आणि तिथल्या रिसायकल बिनमध्ये ते फक्त 30 दिवस टिकतं.